रिकामी फेरी

१

दत्तोबा बिरादार शनिवारी दुपारी मेला आणि संध्याकाळी पाच वाजता सापडला.

मोजमापाची खोली दहा बाय दहाची होती. एक टेबल, टेबलावर यंत्रं, आणि कोपऱ्यात द्रव नायट्रोजनचा ड्युवर, म्हणजे कमरेएवढा उंच धातूचा थर्मास. दत्तोबा टेबलाच्या पायाशी पालथा पडलेला होता. अंगावर ओरखडा नव्हता, कुठे रक्त नव्हतं. चष्मासुद्धा नाकावरच होता. डॉक्टरांनी गुदमरून मृत्यू असं लिहिलं. नायट्रोजन विषारी नसतो. तो फक्त हवेची जागा घेतो, आणि आत असलेल्या माणसाला ते कळत नाही.

मंगळवारी सकाळी भौतिकशास्त्र संशोधन संस्थेची जीप हैदराबादच्या चिक्कडपल्ली भागात मधुकर उदगीरकरांच्या दारात उभी राहिली. मधुकरराव चार वर्षांपूर्वी संस्थेतून निवृत्त झाले होते. यंत्रविभाग त्यांनी उभा केला होता, आणि तिथल्या तंत्रज्ञाला, दत्तोबाला, सोल्डरिंग कसं करायचं तेही त्यांनीच शिकवलं होतं. जीप आली तेव्हा ते चहा करत होते. पत्नी प्रमिलाबाईंना जाऊन सात महिने झाले, तरी गॅस त्यांना अजून नीट पेटवता येत नव्हता. आठवड्यापूर्वी भपका होऊन उजव्या हाताच्या पाठीवरचे केस साफ जळाले होते. कातडीला काही झालं नव्हतं. हात तेवढा परक्या माणसाचा वाटत होता.

संस्थेत पोचल्यावर प्रशासन अधिकारी मुकुंदरावांनी त्यांच्यासमोर एक टाइप केलेला कागद ठेवला.

"चौकशी अधिकारी म्हणून तुमची सही हवी. शुक्रवारपर्यंत. फार काही नाही."

मधुकररावांनी वाचलं. वीज गेलेली असताना, हवा बाहेर फेकणारा पंखा बंद असताना, दार लावून नायट्रोजन हाताळला. मयताचा निष्काळजीपणा.

"चौकशी मी करायची आणि निकाल तुम्ही टाइप करून ठेवलाय?"

"मसुदा आहे हो. शुक्रवारी पत्रकार परिषद आहे. विवेकचा शोध जगासमोर जातोय. त्याआधी हे निस्तरलेलं बरं." मुकुंदराव जरा पुढे झुकले. "तुमचं नाव विवेकनेच सुचवलं. म्हणाला, काकांना घराबाहेर पडायला कारण मिळेल."

मधुकररावांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. सही केली नाही.

बाहेर बाकावर दत्तोबाची बायको पद्मावती बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. त्यांना पाहून ती उठली.

"साहेब, तुम्हीच लिहिणार म्हणं."

"हो, वहिनी."

"मग हे ऐका. लोक येतात, बसतात, रडतात. अन् जाताना म्हणतात, जरा जपायला पाहिजे होतं त्यांनी." तिचा आवाज चढला नाही. "वीस वर्षं ते काम केलं. घरी सिलिंडरची नळी रोज वास घेऊन बघायचे. तो माणूस दार लावून ते उघडंल का? खरं काय ते लिहा. मला दुसरं काही नक्को."

मधुकरराव तिच्या शेजारी बाकावर बसले. प्रमिलाच्या दहाव्यालाही लोक म्हणाले होते, जरा आधी दाखवायला हवं होतं.

"पिशवीत काय आहे?"

"डबा. खोलीबाहेर लिंबाखाली होता, तिथंच जेवायचे ते. वॉचमननं आणून दिला. अन् हा थर्मास. ह्याचंच कळंना मला. रोज चहा न्यायचे. शनिवारी म्हणले, चहा नक्को, बर्फ पाहिजे. सोडावाल्याकडून आणून दिला."

मधुकररावांनी थर्मासचं झाकण काढलं. आत कोमट पाणी होतं. तळाशी दोन वस्तू: स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा करड्या धातूचा तुकडा. त्यांनी तुकडा चुंबकाला लावून पाहिला. तो चिकटला नाही, घरंगळून पडला.

मे महिन्यात चहा सोडून बर्फ, आणि त्या बर्फात चुंबक. दत्तोबा थट्टेखोर माणूस नव्हता.

२

वॉचमन खाजाभाईने खोली उघडून दिली.

"मैं पाँच बजे कू आया साब. चाबी जमा नहीं करे करके देखने आया. दरवाजा ढकेला तो गिरे पडे थे. पंखा चल रहा था."

"पंखा चालू होता?"

"बटन चालूच रहता साब. दो से चार लाइट जाती, चार बजे आते ही अपने आप चलता."

म्हणूनच खाजाभाई आत जाऊन जिवंत बाहेर आला. चार ते पाच पंख्याने हवा बदलली होती.

"ईंट कहाँ थी?"

खाजाभाईने दाराबाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. गोणपाटात गुंडाळलेली एक वीट तिथे उभी होती. एसीची खोली म्हणून दाराला स्प्रिंग होती, सोडलं की ते आपोआप लागायचं. नायट्रोजन काढायचा असला की दत्तोबा आधी ही वीट दारात लावायचा, मग हातमोजे घालायचा, मग ड्युवरला हात. विटेला पोरं हसायची. ती पद्धत मधुकररावांनीच घालून दिली होती.

"यहींच थी साब. किसीने हाथ नहीं लगाया."

मधुकरराव आत गेले. चामड्याचे हातमोजे खिळ्याला टांगलेले होते. ड्युवर त्यांनी बोटाने वाजवून पाहिला. रिकामा. शेजारी दत्तोबाची वही होती. तो रोज सकाळी लाकडी पट्टी ड्युवरमध्ये बुडवून हिमाची खूण बघायचा आणि पातळी लिहायचा. शनिवार, साडेदहा: अडतीस लिटर.

अडतीस लिटर एका दुपारी उडून जात नाहीत. ते कुठे गेले हे जमिनीने सांगितलं. ड्युवरपासून दारापर्यंत जमिनीवरच्या लिनोलियमच्या आच्छादनाला तडे गेले होते, एखाद्या वाळलेल्या तळ्यासारखे. इतका गारठा एकदम सांडल्याशिवाय लिनोलियम असं फुटत नाही. एका लिटरचा सातशे लिटर वायू होतो. अडतीस लिटर म्हणजे ही खोली काठोकाठ.

त्यांना खिशातला मसुदा आठवला. दोन ते चार वीज नव्हती. वीज नसली की यंत्रं बंद. यंत्रं बंद असताना दत्तोबा नायट्रोजन काढेल कशाला? वीट जागेवर, हातमोजे खिळ्यावर. म्हणजे तो नायट्रोजनसाठी आत गेलाच नव्हता. एखादी वस्तू आणायला, दोन पावलं, म्हणून गेला. आणि नायट्रोजन त्याच्या आधीच आत होता.

दुसऱ्या कोणीतरी ओतलेला.

मधुकरराव बाहेर आले आणि लिंबाखाली बसले. अपघाताची चौकशी करायला आलेला माणूस खुनाच्या दाराशी बसला होता.

३

"काका, आत या, उन्हात काय बसलात!"

डॉ. विवेक चांदोरकर पुण्याचा. अठ्ठाविसाव्या वर्षी संस्थेत आला तेव्हा महिनाभर तो मधुकररावांकडे जेवायला होता. प्रमिलाच्या हातची आमटी त्याला आवडायची. सात महिन्यांपूर्वी त्याने तिला खांदा दिला होता. राहायला आवारातल्याच क्वार्टरमध्ये होता, त्यामुळे फाटकावरच्या नोंदवहीत त्याचं नाव कधी येत नसे.

नेहमी बुटात असणारा विवेक आज कोल्हापुरी चपलेत होता आणि लंगडत होता.

"पायाला काय झालं?"

"मोटरसायकलचा सायलेन्सर. चटका बसला. डॉक्टर म्हणाले, उघडं ठेवा." पावलावर बारीक काळ्या केसांमधून रुपयाएवढा पांढरा फोड आला होता. "ते जाऊ द्या. दत्तोबाचं फार वाईट झालं, काका. माझा उजवा हात गेला."

त्याचे डोळे भरून आले होते. ते पाणी खरं होतं. मधुकररावांनी विषय बदलला.

"तुझा शोध काय आहे, मला समजावून दे. मी जुना माणूस."

विवेकचा चेहरा उजळला. त्याने कपाटातून आलेख काढले. "पद्धत तुमचीच आहे, काका. दोन कॉइल, एकावर एक, उलट्या दिशेने गुंडाळलेल्या. दोन्ही रिकाम्या असल्या की एकमेकींना खोडतात, काटा शून्यावर. वरच्या कॉइलमध्ये नमुना ठेवायचा आणि थंड करत न्यायचा. लोखंडासारखा पदार्थ असेल तर चुंबकीय क्षेत्र आत ओढतो, काटा वर जातो. अतिवाहक, म्हणजे विजेला जराही न अडवणारा, असेल तर क्षेत्र बाहेर ढकलतो, काटा खाली कोसळतो. आजवरच्या अतिवाहकांना हे करायला भयंकर थंडी लागते. आणि हे बघा."

आलेखाची रेघ सपाट येत होती आणि एका जागी कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती.

"वीस अंश सेल्सिअस. शून्याच्या खाली नाही, काका, वर वीस! हैदराबादच्या डिसेंबरातल्या सकाळी हा पदार्थ अतिवाहक आहे. फेब्रुवारीपासून अकरा वेगवेगळे नमुने मोजले. अकराच्या अकरा, बरोबर वीस अंशाला."

"मिश्रण वेगळं असूनही?"

"तीच तर गंमत आहे."

"आणि विजेचा रोध? तो शून्य झाला?"

"कॉन्टॅक्ट नीट बसत नाहीयेत. होईल ते." आलेख पटकन फायलीत गेले.

"शनिवारी दत्तोबाशी बोलणं झालं होतं?"

"नाही हो. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं. शनिवारी मी घरीच होतो, पत्रकार परिषदेचं भाषण लिहीत. लॅबमधून कुणाचा फोनसुद्धा नाही." तो थांबला. "काका, एक सांगू? सही करून टाका. तुम्ही आधीच किती सोसलंय."

४

किल्लीच्या वहीत शनिवारी सही होती ज्योतीची. विवेकच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी, वडील चिक्कडपल्लीत मधुकररावांच्या दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. पोलिसांना तिने सांगितलं होतं की ती दिवसभर ग्रंथालयात होती. ग्रंथालय शनिवारी बंद असतं.

बुधवारी कँटीनमध्ये मधुकरराव तिच्यासमोर जाऊन बसले.

"कुठे होतीस?"

तिने चहाचा कप बाजूला सारला. मग एकदम म्हणाली, "इंटरव्ह्यूला, सर. सिकंदराबादला. सॉफ्टवेअर कंपनी. सहा महिने कॉम्प्युटरचा क्लास करतेय, घरी माहीत नाही. किल्ली सकाळी दत्तोबाकाकांना दिली आणि पळाले. त्यांनी कव्हर केलं मला. म्हणाले, जा बेटा, मी हाय इथं." तिने ओढणीने तोंड पुसलं. "मी तिथे असते तर, सर..."

"असतीस तर तुम्ही दोघंही तसेच सापडला असतात. फिजिक्स का सोडतेस?"

"माझ्या थिसिसमध्ये तेच अकरा नमुने आहेत. आणि मला ते पटत नाहीत."

"का?"

"तुमच्या वेळची पद्धत दत्तोबाकाका सांगायचे. नमुना ठेवण्याआधी एक रिकामी फेरी घ्यायची, काही न ठेवता. काटा हलला नाही पाहिजे. सर म्हणतात, वेळ नाही. फेब्रुवारीपासून एकही रिकामी फेरी नाही. म्हणजे, एक झाली. नऊ एप्रिलला. मी परत आले होते डबा विसरला म्हणून. सर एकटे बसले होते. वरची कॉइल रिकामी होती, नमुने सगळे माझ्या ड्रॉवरमध्ये. आणि रेकॉर्डरवरचा कागद त्यांनी फाडून खिशात घातला. वहीत त्या फेरीचा नंबरच नाही."

"कागदावर काय होतं, पाहिलंस?"

"नाही, सर. पण त्यांचा चेहरा पाहिला."

त्याच दुपारी कुकटपल्लीहून मंदार गुप्ते आला. मुंबईचा, टाय लावलेला. विवेकचा पदार्थ विकत घेऊन कारखाना काढणाऱ्या नव्या कंपनीचा तो माणूस. शनिवारी साडेअकराला त्याची मारुती फाटकात शिरल्याची आणि बाराला बाहेर पडल्याची नोंद होती.

"अहो काका, मी फक्त नमुना न्यायला आलो होतो," तो म्हणाला. "परदेशी पाहुणे यायचे होते. तुमचा दत्तोबा देईचना! म्हणाला, आज नाही, आधी साहेबांना काहीतरी दाखवायचंय, मग साहेब ठरवतील. मी म्हटलं, बाबा, आता लायसन्स राज संपलं, एवढे आढेवेढे कशाला? तर हात जोडून म्हणतो, माझी चूक झाली आहे, ती आधी सांगू द्या."

"मग?"

"मग काय! फाटकासमोरच्या एसटीडी बूथवरून चांदोरकरांना घरी फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू जा, मी बघतो."

"किती वाजता?"

"बारा पाच. बिलावर छापलेलं असतं ना हो." त्याने पाकिटातून चिठ्ठी काढली. कंपनीकडून पैसे मिळावेत म्हणून ती त्याने जपून ठेवली होती.

लॅबमधून कुणाचा फोनसुद्धा नाही, असं विवेक म्हणाला होता. फोन लॅबमधून नव्हताच. तेवढं खरं होतं.

मधुकररावांनी चिठ्ठी मागून घेतली. घरी परतताना रिक्षात त्यांना एकच वाक्य ऐकू येत होतं. माझी चूक झाली आहे. दत्तोबाची कसली चूक?

५

घरी आल्यावर त्यांनी थर्मास टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिले. उत्तर ह्यातच असणार. दत्तोबाला साहेबांना जे दाखवायचं होतं, त्याला बर्फ लागत होता.

फ्रीजमधला बर्फाचा ट्रे प्रमिलाच्या हातचा होता. म्हणजे तिने भरलेला. सात महिने त्यांनी तो तसाच ठेवला होता. खडे आक्रसून निम्मे झाले होते. मधुकररावांनी तो काढला, नळाखाली धरला आणि खडे थर्मासमध्ये टाकले. वर थोडं पाणी. मग चुंबक, मग तो करडा तुकडा. झाकण लावलं.

पाच मिनिटांनी थर्मास जरा हलवला. आतून आवाज आला.

टक.

त्यांनी झाकण काढून चुंबक वर ओढलं. तुकडा त्याला घट्ट चिकटलेला होता. नखाने सुटेना. त्यांनी दोन्ही तळहातावर धरलं. पंखा गरम हवा फेकत होता. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मग तुकडा अलगद सुटला आणि टेबलावर पडला.

थंडीत धरतो, उकाड्यात सोडतो. असा धातू मधुकररावांनी आयुष्यात एकच पाहिला होता. गॅडोलिनियम. वीस अंशाच्या खाली लोखंडासारखा, वर दगडासारखा. सीमा बरोबर वीस अंश. म्हणूनच त्याची एक डाळ त्यांनी स्वतः विकत आणली होती, थर्मामीटर तपासण्यासाठी. ती कॉइलमध्ये ठेवायची, काटा कुठे हलतो ते बघायचं. तिथे वीस अंश दिसले की थर्मामीटर बरोबर. आणि तपासणी झाली की डाळ काढून डबीत ठेवायची.

तपासताना ती ठेवायची जागा होती खालची कॉइल.

मधुकरराव उभे राहिले. खालची कॉइल वरचीच्या उलट. लोखंडासारखा पदार्थ वरच्या कॉइलमध्ये काटा वर नेतो. तोच खालच्या कॉइलमध्ये विसरून राहिला, तर काटा खाली कोसळतो. अगदी अतिवाहकासारखा. वरती नमुना कुठलाही ठेवा, अकरा ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका.

फेब्रुवारीत दत्तोबा ती डाळ काढायला विसरला होता. जगातला पहिला वीस अंशांचा अतिवाहक म्हणजे एका कारागिराची विसरलेली डाळ होती.

आणि नऊ एप्रिलला, रिकाम्या फेरीत, काटा खाली जाताना विवेकने पाहिला होता.

६

गुरुवारी सकाळी मुकुंदरावांच्या खोलीत मधुकररावांनी थंड पाण्याचा ग्लास आणि बर्फ मागवला. विवेक आला, हसला. "सही झाली का, काका?"

मधुकररावांनी बर्फात तुकडा टाकला, चुंबक टाकलं. टक. काचेतून तिघांनाही दिसलं. मग त्यांनी जोडी बाहेर काढून टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने तुकडा सुटला.

"हा तुझा शोध," मधुकरराव म्हणाले.

विवेकने मुकुंदरावांकडे पाहिलं. "हा तुकडा कुठे मिळाला?"

"लिंबाखाली, दत्तोबाच्या थर्मासमध्ये. तू खोलीत शोधला असशील, त्याच्या खिशात शोधला असशील. डब्याच्या पिशवीत पाहायचं तुला सुचलं नाही. तिथे तू कधी बसलाच नाहीस."

"काका, झाली असेल त्याची चूक. मला काय माहीत? मी शनिवारी घरी होतो."

"बारा पाचला मंदारने तुला फोन केला. ही चिठ्ठी. नऊ एप्रिलला तू रिकामी फेरी घेतलीस आणि कागद फाडलास, हे ज्योतीने पाहिलंय. पण हे दोन्ही राहू दे. पाय वर कर."

"काय?"

"पाय वर कर, विवेक."

त्याने केला नाही. मधुकररावांनी शर्टाची बाही सरकवून आपला हात मुकुंदरावांपुढे धरला. "गॅसचा भपका. कातडी शाबूत आहे, केस नाहीत. आग आधी केस खाते. सायलेन्सरही तेच करतो. ह्याच्या पावलावर फोड आलाय, मांस पांढरं पडलंय, आणि केस जिथल्या तिथे आहेत. हा उष्णतेचा चटका नाही, मुकुंदराव. थंडीचा आहे. ड्युवर आडवा केला आणि लाट बुटात शिरली. बुटात शिरली की बाहेर निघत नाही. म्हणून आम्ही पोरांना सांगायचो, नायट्रोजन काढताना पँट बुटाच्या वर सोडा, आत खोचू नका. तू कधी स्वतः काढलाच नाहीस. तुझ्यासाठी दत्तोबा काढायचा."

विवेक खुर्चीत बसला. तो ग्लासातल्या बर्फाकडे बघत होता.

"तो मला म्हणाला, साहेब, माझी चूक झाली, मी लेखी देतो," तो म्हणाला. "मी म्हटलं, आधी जेवून घे. तो लिंबाखाली गेला. मी... काका, त्याला वाटत होतं मला माहीत नाही. रडत होता. माझ्यासाठी रडत होता. म्हणाला, तुमची बदनामी नको, माझं नाव घाला. लेखी आलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, रिकामी फेरी का नाही घेतली. मग एप्रिलची ती फेरी बाहेर आली असती."

"जेवण झाल्यावर?"

"त्याचं जेवण चालू असतानाच दोनला वीज गेली, पंखा थांबला. मी ड्युवर आडवा केला आणि पांढरी वाफ विरेपर्यंत थांबलो. मग त्याला म्हटलं, आतून आलेखाची गुंडाळी आण." त्याने तोंडावर हात ठेवला. "दोन श्वास, काका. त्याला काही कळलं नसेल."

"तू बाहेर किती वेळ उभा होतास?"

विवेकने पाय खुर्चीखाली ओढून घेतला. मुकुंदराव उठले आणि फोनकडे गेले.

"माझं नाव तू का सुचवलंस?" मधुकररावांनी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही थकलाय. वाचणार नाही."

"थकलोय," मधुकरराव म्हणाले. "तू प्रमिलाला खांदा दिला होतास, तेव्हा वजन कळलं असेल तुला."

७

अंबरपेठेत दत्तोबाचं घर दोन खोल्यांचं. शुक्रवारी पत्रकार परिषद झाली नाही. मधुकरराव दुपारी तिकडे गेले. पोलीस विवेकला घेऊन गेल्याचं पद्मावतीला कळलं होतं. तिने पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली.

"म्हणजे त्यांची चूक नव्हती," ती म्हणाली. "लिहिलं ना तसं?"

मधुकररावांनी अहवाल आणला होता. ते रात्रभर एकाच ओळीपाशी अडले होते. ती ओळ गाळता आली असती. कोणी विचारलं नसतं.

"नायट्रोजन त्यांनी उघडला नव्हता, वहिनी. ते लिहिलंय. पण चूक होती. फेब्रुवारीत. एक तुकडा आत विसरले होते. त्यातूनच हे सगळं झालं."

तिने मान खाली घातली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्यांना कधी कळालं?"

"शुक्रवारी संध्याकाळी, कॉइल साफ करताना. असं मला वाटतं."

"हौ," ती म्हणाली. "शुक्रवारी जेवले नाहीत. पोट दुखतं म्हणले." मग, "आणखी कुणाला ठाऊक होतं? गप बसले असते तर?"

"विवेकला ठाऊक होतं, पण तो बोलणार नव्हता. तो तुकडा डबीत टाकून दत्तोबा गप बसले असते, तर कुणालाच कळलं नसतं."

"अन् ते जिवंत असते."

"असते."

पद्मावतीने पदराने डोळे पुसले नाहीत. ते कोरडेच होते. "मग दोन्ही लिहा, साहेब. चूक बी लिहा. अन् सांगायला गेले ते बी लिहा. एक गाळलं तर दुसरं कुणाला पटणार नाही."

"दोन्ही लिहिलंय."

मधुकररावांनी थर्मास तिच्यापुढे ठेवला. तुकडा आणि चुंबक पोलिसांनी ठेवून घेतले होते. थर्मास धुतलेला होता.

ती उठली, गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. चहा झाल्यावर तिने तो सवयीने थर्मासमध्ये ओतला, झाकण लावलं, आणि मग हातात धरून तशीच उभी राहिली. तो कुणाला द्यायचा हे तिला आठवेना.

मधुकररावांनी हात पुढे केला.